पाचवी ओळ

माझ्या नोकरीची मुलाखत एका पुढाऱ्याच्या मिटलेल्या डोळ्यांवर झाली. लातूरला औसा रोडवर मडिवाळप्पांचं फ्लेक्सचं दुकान आहे. मी काम मागायला गेलो तेव्हा ते कॉम्प्युटरसमोर कपाळाला हात लावून बसले होते. पडद्यावर वाढदिवसवाल्या एका भाऊंचा फोटो होता आणि भाऊंनी नेमके डोळे मिटले होते. दुसरा फोटो द्यायला त्यांची माणसं तयार नव्हती, कारण याच फोटोत फेटा चांगला बसला होता म्हणे.

"येनप्पा, तुला काही येतं का यातलं?" मडिवाळप्पा म्हणाले. ते निलंग्याकडचे; येनप्पा म्हणजे 'काय रे बाबा'. निम्मं कानडी, निम्मं मराठी आणि उरलेलं हातवारे.

मी खुर्चीत बसलो. भाऊंचा एक जुना बॅनर कॉम्प्युटरमध्ये सापडला, त्यातले डोळे उचलले, या फोटोवर बसवले, पापण्यांखाली थोडी सावली दिली. वीस मिनिटांत भाऊ जागे झाले.

"शिक्षण?"

"बारावी. बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला सोडलं."

"सोडलं ते सोडलं. उद्या नऊला ये."

एवढ्यावर माझं करिअर सुरू झालं. नांदेडच्या कॉलेजात दीड वर्षात मला कुणी काही करून दाखव म्हटलं नव्हतं. तिथे मी मागच्या बाकावर बसून रसायनशास्त्राच्या वहीत अक्षरांची वळणं काढायचो. इथे त्याच वळणांवर लोक खूश व्हायचे. लातूरला बॅनरला मरण नाही. वाढदिवस, दशक्रिया, दुकानाचं उद्घाटन, आणि निकालाच्या दिवसांत तर क्लासवाल्यांची रांग लागते. मेडिकल प्रवेशपरीक्षेत सातशेच्या वर मार्क घेतलेली पोरं-पोरी मी ओळीने मांडायचो. त्यांचे चष्मे चमकवायचो, मुरुमं काढायचो. कॉलेज सोडलेला पोरगा गुणवंतांना टिळा लावत बसला होता म्हणा ना.

काम मला आवडत होतं, हीच तर सगळी पंचाईत होती. नावडतं असतं तर निदान शिक्षा भोगतोय असं म्हणता आलं असतं.

कारण घरी यातलं काहीच माहीत नव्हतं. घर भोकरला. लातूरहून भोकरला जायचं तर मी नांदेडला बस बदलायचो, त्यामुळे घरच्यांना मी कायम नांदेडच्या गाडीतूनच उतरताना दिसलो. एस.टी.नेसुद्धा माझं खोटं सांभाळून घेतलं. घरून काही पाठवू नका, मी पार्टटाइम काम करतो, असं सांगितलं, तर आबांनी वस्तीभर सांगितलं की पोरगं कमवून शिकतंय. गेल्या उन्हाळ्यात मी फोनवर "पास झालो" म्हणालो. आबांनी पेढे वाटले. मग म्हणालो, लातूरला एका क्लासच्या ऑफिसात लागलोय, जाहिरातीचं बघतो. हे निम्मं खरं होतं. खोटं बोलायची सवय झाली की माणूस निम्म्या खऱ्यावरही समाधान मानतो.

आबांच्या तोंडावर खोटं बोलणं जड जायचं, पण त्याहून जड एक गोष्ट होती. ती म्हणजे पंचशीलाताई.

ताई माझ्याहून दीड वर्षाने मोठी. पण पहिलीपासून बारावीपर्यंत आम्ही एकाच वर्गात होतो. मी एकटा शाळेत जायला रडायचो म्हणून तिला एक वर्ष घरी थांबवलं आणि माझ्याबरोबर पहिलीत घातलं. आमच्या वस्तीत अशा जोड्या चार-पाच घरांत होत्या, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. जाताना माझं दप्तरही तीच उचलायची. म्हणजे पाहायला गेलं तर तिचं पहिलं वर्षसुद्धा माझ्याच पायी गेलं.

बारावीला तिला अठ्ठ्याहत्तर टक्के पडले, मला एकसष्ट. तिचं नाव लातूरच्या एका नर्सिंग कॉलेजच्या यादीत आलं, माझं नांदेडला बी.एस्सी.ला. आबा रंगारी. भोकरात घर रंगवायचं म्हटलं की लोक ज्ञानोबा रंगाऱ्याला बोलावतात, पण दोन लेकरं एकदम बाहेरगावी ठेवणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. संध्याकाळी आम्ही सगळे घरात बसलो होतो. आबा कुणाकडेच बघत नव्हते. माय भाकरीचं पीठ उगाच मळत होती.

"आदूला पाठवा," ताई म्हणाली. "मी मशीन शिकते."

मी त्या वेळी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला होता. पाणी संपलं तरी मी तो खाली ठेवला नाही. आबा एकदाच म्हणाले, "पोरी, पुढल्या साली तुझं बघू." पुढलं साल काही आलं नाही. ताई शाळेचे गणवेश शिवायला लागली आणि मी तिच्यामुळे मिळालेल्या त्या कॉलेजातून दीड वर्षात उठून आलो. नापास झालो असतो तर गोष्ट वेगळी. मला कंटाळा आला होता. तिच्या जागेवर बसून मला कंटाळा आला होता, हे मी आजही कुणासमोर म्हणू शकत नाही.

यंदा मार्चच्या शेवटी साहेबराव गुरुजींचा फोन आला. गुरुजी आमच्या वस्तीतले पहिले पदवीधर, बी.ए., आता रिटायर झालेले. विहाराचा सगळा कारभार त्यांच्याकडे. विहाराच्या आतल्या भिंतीवर वस्तीतल्या पदवीधरांची नावं आहेत. सगळ्यांत वर गुरुजींचं, खाली इतरांची, सदतीस नावं. दर जयंतीला नवे पदवीधर आपलं नाव लिहितात, आणि रिवाज असा की ज्याचं त्याने लिहायचं, ब्रश घेऊन, स्वतःच्या हाताने. पेंटर बोलवायचा नाही. "आपल्या वस्तीत अंगठे लई झाले," गुरुजी म्हणतात, "आता भिंतीवर सह्या पायजेत." त्यामुळे ती नावं वेडीवाकडी आहेत, एक खाली घसरलेलं आहे, एकाची वेलांटी विसरलीय. पण सर्टिफिकेट कुणी मागत नाही. आपल्या माणसाच्या शब्दावर तिथे भिंत मिळते.

"बेटा, यंदा पाच जणं हायत," गुरुजी फोनवर म्हणाले. "मनिषा बी.फार्म. झाली, तीन बी.ए.वाले हायत, अन् तू. लातूरला बॅनर झकास निघतेत म्हणं. तिकडूनच करून आण. तुझ्या वळखीचं कुणी असंलच."

ओळखीचा होताच. मीच होतो.

चार जणांचे फोटो व्हॉट्सॲपवर आले. मनिषाचा साध्या ड्रेसमधला, बाकीच्यांचे शर्टातले. त्याला काही अडचण नव्हती. आमच्याकडे गाऊनची एक फाइल आहे. कधीकाळी कुणीतरी काळा गाऊन घालून फोटो काढला होता, त्याचं मुंडकं मडिवाळप्पांनी काढून टाकलं आणि धड ठेवून घेतलं. तेव्हापासून लातूर जिल्ह्यातले कितीतरी पदवीधर त्या एका धडावर उभे राहिले. डोकं बदलायचं, मानेजवळ जोड बुजवायचा, झालं.

मी चार गाऊन चढवले. मग हात थांबला. "गुरुजी, माझं नाव नको" एवढं टाइप करायला किती वेळ लागतो? मी टाइप केलंही. मग खोडलं. चार फोटो मांडून पाहिले तर मधे भगदाड दिसत होतं. पाच असले की मधला मोठा ठेवता येतो, दोन्ही बाजूंना दोन-दोन. डिझाइनच्या दृष्टीने पाचच बरे, असं मी स्वतःला सांगितलं. गुन्हेगाराला सबब लागते, मला मांडणी मिळाली. मी माझा फोटो उचलला, पाचवा गाऊन चढवला, गालावरचा फोड काढला. नाव टाकलं, पुढे स्वल्पविराम, बी.एस्सी.

छपाईचं मशीन सावकाश चालतं. आधी टोप्या आल्या, मग कपाळं, मग डोळे. थांबवायचं बटण माझ्या हातापासून वीतभर होतं.

मडिवाळप्पा मागे येऊन उभे राहिले. "येनप्पा, हा तूच की. बी.एस्सी. कधी झालास?"

"आत्ताच," मी म्हणालो.

ते हसले. मग माझ्याकडे बघून हसायचे थांबले आणि गिऱ्हाइकाकडे गेले.

चौदा एप्रिलला सकाळीच वस्तीच्या तोंडाशी बॅनर लागला. आबा स्वतः शिडीवर चढले, दोऱ्या बांधल्या आणि उतरून रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. भिंत रंगवून झाली की लांब जाऊन बघतात तसे. आज त्यांनी पांढरा शर्ट घातला होता. मी त्यांच्याशेजारी उभा राहिलो. पळून जायला जागा नव्हती म्हणून.

"ह्यो कार्यक्रम कवा झाला रे?" त्यांनी विचारलं.

"कुठला?"

"ह्योच. डगला घालायचा."

मला सांगता आलं असतं की हा सगळ्यांना चिकटवलेला गाऊन आहे, डिझाइन असतं. निदान तेवढं तरी. पण एकदा सूत निघालं की अख्खं विणकाम उसवतं, याची मला धास्ती.

"गेल्या महिन्यात," मी म्हणालो.

"मंग मला कामून न्हाई बोलावलं?"

"पास कमी होते, आबा. मला मिळालाच न्हाई जास्तीचा."

आबांची नजर बॅनरवरच होती.

"म्या भाईर उभा राह्यलो असतो की," ते म्हणाले.

रागाने नाही म्हणाले. तक्रारसुद्धा नव्हती. मला तिथल्या तिथे जमिनीने गिळलं असतं तर बरं झालं असतं, पण जमीन असल्या वेळी कामाला येत नाही. आबांनी खांद्यावरच्या दस्तीने तोंड पुसलं आणि म्हणाले, "चल, रेघा मारायच्यात."

विहार आबांनी दोन दिवस आधीच रंगवून ठेवला होता. दरवर्षी ते सेवा म्हणून करतात. जुन्या नावांना धक्का न लावता त्यांच्या भोवतीनं ब्रश फिरवायचा, हे काम दुसऱ्या कुणाला जमत नाही. आबांची शाळा चौथीपर्यंत. ती नावं त्यांनी वीस वर्षं जपली आणि त्यांतलं एकही आपल्या घरातलं नव्हतं.

त्यांनी निळीत बुडवलेलं सूत काढलं. "एक टोक धर," म्हणाले. मी भिंतीच्या डाव्या अंगाला टोक दाबून धरलं, त्यांनी उजवीकडे ताणलं आणि मधोमध चिमटीत धरून सोडलं. भिंतीवर बारीक निळी रेघ उमटली. एक, दोन, तीन, चार.

"पाचवी नीट धर," आबा म्हणाले. "ही आपली हाय."

मी नीट धरली. रेघ अगदी सरळ आली.

घरी आलो तर ताई मशीनवर बसली होती. जयंतीच्या दिवशीही कुणाचा तरी ब्लाउज द्यायचा राहिला होता. माय शेजारी खीर करायला गेली होती. मी पाणी प्यायला आत निघालो तेव्हा ताईने मान वर न करताच विचारलं, "डगले किती व्हते रे तुमच्याकडं?"

"कसले?"

"मनिषाच्या डाव्या खांद्यावर चुणी पडलीय. तुझ्या बी तिथंच. त्या तिघांच्या बी. पाच जणांचं कापड एकाच जागी चुरगळत न्हाई, आदू. मी दिवसभर कापडच बघून राहिले."

"ते डिझाइन असतं, ताई. सगळ्यांनाच लावतात."

"ते कळलं मला. मनिषाला इचारलं. ती म्हणली, साधा फोटो दिला व्हता, आदर्शदादानं गाऊन घातला." मशीनचं चाक तिने हाताने थांबवलं. "पण मनिषानं तिच्या बापाला पास कमी पडले म्हणून न्हाई सांगितलं."

बाहेर स्पीकरची तपासणी चालली होती, "हॅलो, हॅलो, माइक चेक."

"तिचा कागद घरी फ्रेमीत हाय. तुझा कुठंय?"

"न्हाई," मी म्हणालो.

"कवा सोडलं?"

"दुसऱ्या वर्षाला."

तिने मनात काहीतरी हिशेब केला असावा. त्याच वर्षी तिने मला नांदेडला दोन शर्ट शिवून पाठवले होते, प्रॅक्टिकलला बरे दिसतील म्हणून. ती शिव्या देईल, रडेल, असं मला वाटत होतं. तसं झालं असतं तर मला जरा मोकळं वाटलं असतं. म्हणूनच की काय, तिने तसं केलं नाही.

"बॅनरचं काय, उन्हानं इटून जाईल," ती म्हणाली. "पण भिंतीवर लिहू नको. ती भिंत आबा रंगवतेत."

"आबांना तू सांगशील?"

"म्या कामून सांगू? तुझी जीभ हाय की तुला." तिने धागा दातांनी तोडला आणि ब्लाउजाची घडी घातली.

अकराला विहार भरला. वंदना झाली. गुरुजींनी दोन शब्द बोलतो म्हणून वीस मिनिटं घेतली. मग ब्रश आला. सगळ्यांत आधी मनिषा. तिने ब्रश इतका दाबून धरला की तिच्या नावातला 'ष' सुजल्यासारखा झाला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग ते तिघे. रंगाचा डबा आबांच्या हातात होता. प्रत्येकाच्या वेळी ते ब्रश डब्याच्या काठावर निथळून द्यायचे, ओघळ येऊ नये म्हणून. पायऱ्यांजवळ ताई फुलांचं ताट घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

"आता आदर्श ज्ञानोबा," गुरुजी माइकवर म्हणाले. "याचं अक्षर बघा आता. मोत्यासारखं हाय."

आबांनी ब्रश निथळून माझ्या हातात दिला. समोर निळी रेघ होती. या आधी मी हजारो नावं लिहिली होती, खरी-खोटी, लोकांनी सांगितली तशी. कॉम्प्युटरवर ती माझी नसायची. इथे ब्रशच्या दांड्याला आबांच्या हाताची ऊब होती. माझं अक्षर चांगलं आहे, ओळ सरळ आली असती, बेचाळीस नावांत माझंच नाव उठून दिसलं असतं. दरवर्षी आबांनी त्याच्या भोवतीनं ब्रश फिरवला असता, एकही ठिपका उडू न देता, हात चालेनासा होईपर्यंत.

"लिही की," आबा हळूच म्हणाले. "रंग वाळून राहिला."

"आबा, मी बी.एस्सी. न्हाई."

त्यांना वाटलं माझी काहीतरी गफलत झालीय. "मंग काय हाईस? बी.ए.?"

"काहीच न्हाई. मी कॉलेज सोडलं. दुसऱ्या वर्षाला. मी बॅनरच्या दुकानात काम करतो."

माइक चालूच होता. माझा आवाज बाहेरच्या कर्ण्यातून वस्तीभर गेला आणि मागच्या बाजूला कुणीतरी "काय म्हणला?" असं विचारलं. गुरुजींनी माइकवर हात ठेवला. त्यांनी मला काहीतरी बोलायला हवं होतं. ते म्हातारे गृहस्थ भिंतीवरची नावं वरपासून खालपर्यंत बघत गेले. ती सगळी त्यांनी शब्दावर घेतली होती.

आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते पायऱ्यांकडे बघत होते, ताट घेतलेल्या ताईकडे.

"मंग हिला कामून बसवलं म्या घरी?"

त्यांनी एकदाच विचारलं. मला विचारलं, की स्वतःला, की भिंतीला, ते मला आजवर कळलं नाही. ताईच्या हातातलं ताट हललं आणि एक फूल खाली पडलं. आबांनी माझ्या हातातून ब्रश काढून घेतला, डब्याचं झाकण तळहाताने दाबून बसवलं, आणि खांद्यावरची दस्ती काढून पाचवी रेघ पुसली. निळीचा डाग काही पूर्ण गेला नाही.

"चला, खीर घ्यायला चला समदे," गुरुजी म्हणाले.

दुपारी कुणी माझ्याशी भांडलं नाही. माय रडली, मग मला जेवायला वाढलं, मग परत रडली. मला थोबाडीत खायची होती, आणि ताटात खीर पडली. चारच्या बसला निघालो तेव्हा आबा स्टँडपर्यंत आले. वस्तीच्या तोंडाशी बॅनर तसाच होता. बाकी चौघांचं यश त्यावर होतं, तो काढणार तरी कसा? आबा त्याच्याखाली थांबले.

"हे त्वा केलंस? तुझ्या हातानं?"

"हाव."

ते बराच वेळ मानेपाशी बघत होते, जिथे माझं डोकं त्या परक्या धडाला चिकटवलं होतं.

"जोड दिसला न्हाई मला," ते म्हणाले.

रंगाऱ्याने रंगाऱ्याला द्यावी तशी ती दाद होती, आणि तिच्यासारखी शिवी मला कुणी दिली नाही. बस आली. मी चढलो. ते बस सुटायच्या आतच वळले.

दुसऱ्या दिवशी मी चौघांचा नवा बॅनर केला आणि गाडीने भोकरला पाठवून दिला. मधे भगदाड वगैरे काही दिसलं नाही. चौघं छानच दिसत होते.

त्यानंतर ताईने मला फोन केला नाही. मी करायचो तेव्हा "हाव", "बरं", "आबा कामावर गेलेत" एवढंच. जुलैत एका दुपारी तिचाच फोन आला. मागे तिचं मशीन चालू होतं.

"फोटो पाठवलाय. पासपोर्ट साइज, आठ कॉप्या काढ. फॉर्मला पायजेत."

"कसला फॉर्म?"

"नर्सिंगचा. आबा जाऊन घेऊन आले."

मी तिचा फोटो पडद्यावर उघडला. तिला ते कळलं असावं, कारण ती लगेच म्हणाली, "अन् ऐक. माझ्या अंगावर काही घालू नको. हाय तसाच काढ."

मी हाय तसाच काढला. तिच्या हनुवटीवर लहानपणी पडल्याची खूण आहे. माझा हात सवयीने तिकडे गेला होता, तो मागे घेतला.

"आणखी एक हाय," ती म्हणाली. "मधी शिक्षण थांबलं त्याचा दाखला लागतो. गॅपचा. इथं टायपिंगवाल्याकडं लई गर्दी हाय. तू करून दे, मी सही करते."

असले कागद मी बऱ्याच जणांना करून दिलेत, मसुदा तयारच असतो. फोन स्पीकरवर ठेवून मी टाइप करत गेलो आणि वाचत गेलो. मी, पंचशीला ज्ञानोबा, राहणार भोकर, जिल्हा नांदेड, लिहून देते की, मी बारावी उत्तीर्ण झाल्यानंतर चार वर्षे कोठेही प्रवेश घेतलेला नाही. खंडाचे कारण. इथे मसुद्यात रिकामी जागा असते.

तिथे मी लिहिलं, भावाच्या शिक्षणासाठी. वाटलं, एवढं तरी माझ्या हाताने कागदावर यावं. ते मी मोठ्याने वाचलं.

पलीकडचं मशीन थांबलं.

"खोटं लिहू नको, आदू," ताई म्हणाली. "शिक्षण कुठं झालं? अन् सही माझी हाय त्याच्यावर."

मडिवाळप्पा काउंटरवरून बघत होते. मी स्पीकर बंद करून फोन कानाला लावला.

"मंग काय लिहू?"

"घरगुती अडचण लिही. समदे तेच लिहितेत."

तिचं मशीन पुन्हा सुरू झालं. मी लिहिलेलं खोडलं आणि तिने सांगितलेले दोन शब्द टाकले. प्रिंट काढून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. त्या अख्ख्या कागदावर माझं नाव कुठेच नव्हतं. मी होतो तो त्या दोन शब्दांत.